चौकटीबाहेरील पट : सॅम गिलियम यांच्या चित्रप्रकाराचा विचार

चित्रास चौकट असावी हे गृहीत इतके रूढ आहे की, चौकट हाही चित्राच्या घाटाचा एक घटक आहे याचे भान सहसा राहत नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय चित्रकार सॅम गिलियम (१९३३–२०२२) यांनी नेमके हेच गृहीत नाकारले. मिसिसिपी राज्यातील टुपेलो येथे जन्मलेले आणि लुईव्हिल विद्यापीठात शिकलेले गिलियम १९६२ मध्ये वॉशिंग्टनला आले. कोऱ्या कापडात पातळ रंग मुरविण्याची पद्धती मॉरिस लुई, केनेथ नोलंड प्रभृतींनी तेथे रुजविली होती. गिलियम यांनी ती स्वीकारली. तथापि ओले कापड घड्या घालून वाळवावयाचे व घड्यांच्या खुणांना रचनेत स्थान द्यावयाचे, ही दिशा त्यांनी स्वतः शोधली. १९६८ च्या सुमारास त्यांनी कापड ताणणारी लाकडी चौकटच काढून टाकली. पट छतापासून झोळासारखा लोंबू लागला. १९६९ मध्ये वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन कलादालनात असे पट प्रदर्शित झाले. १९७२ च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात अमेरिकेचे प्रतिनिधित्व करणारे गिलियम हे पहिले कृष्णवर्णीय कलावंत होत.

या पटांचे दोन सुलभ अर्थ लावले जातात. एक, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांचा. दुसरा, चौकटीतून सुटका म्हणजे वंशाची मुक्ती असा. दोन्ही अर्थ बाहेरून आणलेले आहेत. वस्तुतः येथे कापडाचे वजनच रेषा ठरविते, आणि तोच पट दुसऱ्या दालनात निराळा आकार घेतो. पूर्णता ही या चित्राची तात्पुरती अवस्था असते.

त्या काळी कृष्णवर्णीयांच्या कलाचळवळीतील अनेकांची अपेक्षा अशी होती की, कलावंताने आपल्या समाजाचे जीवन व लढा चित्रित करावा; अमूर्त चित्रकला त्यांना पलायन वाटे. या आक्षेपाचे उत्तर ‘एप्रिल ४’ (१९६९) या चित्रात मिळते. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ रोजी झाली. चित्रात मानवाकृती नाही. जांभळे व तांबडे डाग आहेत. शीर्षक वगळल्यास ते केवळ रंग होत. शीर्षक वाचल्यानंतर ते केवळ रंग राहू शकत नाहीत. हे चित्र लोंबत्या पटांपैकी नव्हे. परंतु अर्थ आयता हाती द्यावयाचा नाही, ही भूमिका दोहोंत एकच आहे.

या प्रकारास मर्यादाही आहे. रंग व स्थळ यांत ताण नसेल तर पट निव्वळ पडदा ठरतो. कलावंताच्या निधनानंतर हा धोका वाढतो. जुन्या छायाचित्राबरहुकूम पट टांगणारे संग्रहालय कापड जपेल, परंतु चित्रप्रकार गमावील. प्रत्येक टांगणी हा नवा निर्णय असतो. तो घेण्याचे दायित्व आता इतरांवर आले आहे.