देवळाचे अंगण आणि नाटकाचा इतिहास

५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन पाळतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' केले, त्याची ही आठवण. याच सुमारास सिंधुदुर्गातल्या देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि रात्री देवळापुढे दशावतार उभा राहतो. आपल्या नाट्येतिहासांत या दशावताराला बहुधा पहिल्या प्रकरणात जागा मिळते, मराठी नाटकाचे 'पूर्वरूप' म्हणून. पुढे तो दिसत नाही. माझा आक्षेप या मांडणीला आहे. जे आजही दर हंगामात चालते, ते पूर्वरूप कसे?

या मांडणीमागे मला इमारतीचा मोह दिसतो. दर्शनी पडदा, तिकीटखिडकी, खुर्च्यांचे क्रमांक असले की रंगभूमी; नसले की लोककला. चुडाव्यासारख्या गावात राहून नाटकाचा विचार करणाऱ्याला ही फूटपट्टी लवकर टोचते. तिने मोजले तर आमच्याकडच्या भारुडाला आणि गोंधळालाही रंगभूमी नाही, असेच ठरेल.

वास्तविक दशावताराचे नाट्यगृह म्हणजे देऊळच. पालखीची प्रदक्षिणा झाल्यावर खेळ सुरू होतो; पहिली घंटा देवाची. आधी गणपती, सरस्वती, संकासुर यांचा आडदशावतार, मग आख्यान. एक बाकडे असते. तेच सिंहासन, तेच पर्वत. लिहिलेली संहिता नसते. कथा ठरते आणि संवाद नट उभ्या जागी रचतात. पहाटे दहीकाल्याची हंडी फुटते, तेव्हा खेळ संपतो. जत्रेत फिरून आलेला, मध्येच डुलकी घेणारा प्रेक्षक रात्रभर धरून ठेवायचा, म्हणून तो लांबलेला वाद-प्रतिवाद. त्याला 'पाल्हाळ' म्हणणारा समीक्षक दोन-अडीच तासांच्या घड्याळाने रात्र मोजत असतो. बंद सभागृहातल्या प्रयोगासाठी आडदशावतार आखडला की नाटक सुटसुटीत होते, पण त्याचे देवळाशी असलेले नाते तुटते.

अंगणाचे गोडवे गातानाही जपले पाहिजे. तिकीट नव्हते म्हणजे मुक्तद्वार होते, असे नाही. देवळात मानकऱ्यांचा क्रम होता, जातीची अंतरे होती. मंचावरची स्त्री पुरुषच साकारी. तेव्हा कोण कुठे बसे आणि कोणाला दुरूनच पाहावे लागे, हा प्रश्नही नाट्येतिहासाचाच आहे. 'लोककला' म्हणून गौरव केला की तो विचारायचा राहून जातो.

आता घाई यासाठी की जुने लाकडी सभामंडप जीर्णोद्धारात जात आहेत. त्यांच्या जागी सिमेंटचे खांब, लाद्या आणि लोखंडी जाळ्या येतात. देवस्थानाची सोय होते, हे मान्य. पण पाडण्याआधी मंडपाची मापे घ्यावीत, नट रंगायला कुठे बसत, दिवे कुठे टांगत, बायका कोणत्या बाजूला बसत, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. एका वहीचे आणि चार संध्याकाळींचे हे काम आहे.

शाहू महाराजांच्या काळात, १९१५ साली, उभे राहिलेले कोल्हापूरचे नाट्यगृह, आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले आणि मराठी रसिक हळहळले. ते योग्यच होते. सभामंडप पाडला जातो तेव्हा मात्र फक्त वर्गणीची पावती फाटते.