गाणी उदंड, वाटा इंग्रजी

'फोक' या नावाखाली आज इंटरनेटवरून जे लोकसंगीत ऐकलं, शिकलं आणि एकमेकांना दिलं जातं, त्यात आयर्लंड, स्कॉटलंड, इंग्लंड आहेत आणि अमेरिका तर पदोपदी आहे. हंगेरी, लॅटव्हिया, स्वीडन, बल्गेरिया, जर्मनी मात्र अधूनमधून डोकावतात आणि दिसेनासे होतात. नव्या श्रोत्याला वाटावं, की बाख-बेथोव्हनच्या मुलखात शास्त्रीय संगीत एवढं फोफावलं की त्याच्या सावलीत लोकसंगीत खुरटून गेलं. हा समज साफ चुकीचा आहे. गाणी उदंड आहेत. ती बाहेर नेणाऱ्या वाटा इंग्रजी आहेत. काही ठिकाणी घरच्यांनीच दार आतून लावून घेतलं, काही ठिकाणी बाहेर जायची गरजच कुणाला वाटली नाही. या तीन गोष्टी वेगळ्या ओळखल्या नाहीत, तर युरोपच्या लोकसंगीताबद्दल काहीही धड म्हणता येत नाही.

पहिलं कारण सूचीचं. हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात इंग्लंड-स्कॉटलंडच्या ३०५ कथागीतांचा संग्रह क्रमांक घालून प्रसिद्ध केला. आजही गायक गाण्याची ओळख 'चाइल्ड ४', 'चाइल्ड १०' अशी करून देतात. पण चाइल्ड यांनी ही पद्धत उचलली ती डेन्मार्कच्या स्वेन ग्रुंटविग यांच्याकडून. ग्रुंटविग यांचा डॅनिश कथागीतांचा प्रकल्प १८५३ मध्येच सुरू झाला होता आणि दोघांचा पत्रव्यवहारही होता. चाइल्ड ४ ही मुलींना फूस लावून मारणाऱ्या पुरुषाची आणि त्याच्यावर मात करणाऱ्या एका मुलीची कथा. तीच डच भाषेत हेर हालेवेन म्हणून, हंगेरियनमध्ये मोल्नार आन्ना म्हणून गायली जाते. इंग्रजी गायकाला चारचा आकडा पाठ असतो, हालेवेनचं नाव मात्र त्याच्या कानावरूनही गेलेलं नसतं. पुढे स्टीव्ह राउड या ग्रंथपालाने हजारो गाण्यांची जी सूची केली, तीही इंग्रजी गाण्यांपुरतीच. त्यांनी कधी वेगळा दावा केला नाही. पण शोधायची सवय सूचीने लागते आणि सूचीत जे नाही ते हळूहळू नसल्यासारखंच होतं.

युरोपने सूची केल्या नाहीत असं नाही. रिगामध्ये क्रिश्यानिस बारोन्स यांचं लाकडी कपाट जपून ठेवलेलं आहे. १८८० मध्ये मॉस्कोत त्यांच्या सांगण्यावरून बनवलेलं हे कपाट ७० खणांचं, प्रत्येक खणात २० कप्पे आणि कप्प्यात बोटभर रुंदीच्या चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एक दाइना, म्हणजे बहुतेक वेळा चार ओळींचं गाणं. लोकांनी गावोगावहून पाठवलेली ही गाणी त्यांनी जन्म, लग्न, शेतीची कामं, मरण अशा क्रमाने लावली आणि १८९४ ते १९१५ या काळात दोन लाखांहून अधिक दाइना छापून निघाल्या. २००१ मध्ये युनेस्कोने या कपाटाची जागतिक स्मृतीच्या यादीत नोंद केली. मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. हेमा राइरकर आणि फ्रान्समधून पुण्यात येऊन स्थायिक झालेले गी पॉइटव्हँ यांनी खेड्याखेड्यांतून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्याही अशाच विषयवार लावलेल्या. दोन्हीकडे छोटी कडवी, दोन्हीकडे मुख्यतः बायकांचं गाणं आणि दोन्हीकडे अडचणही तीच: चार ओळी तोडून चिठ्ठीवर आल्या की वाचता येतात, पण गाता येतीलच असं नाही.

इथून दुसरं कारण सुरू होतं, ते खुद्द संगीतातलं. आयरिश चाल एकेरी सुरावटीवर उभी असते. ती कागदावर एका ओळीत लिहिता येते आणि ती ओळ पुरेशीही असते, कारण बाकीचं कसं करायचं हे वाजवणाऱ्याला ठाऊक असतं. शिकागोचे पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील यांनी १९०३ मध्ये १,८५० आयरिश चाली छापल्या, त्या याच भरवशावर. ख्रिस वॉलशॉ यांची 'एबीसी' ही साध्या अक्षरांत चाल लिहायची पद्धत १९९० च्या दशकात इंटरनेटवर पसरली आणि अशा चालींना जणू पंख फुटले. ईमेलमधून, पडद्यावरून, टंकलेखनाच्या अक्षरांत चाल जगभर जाऊ लागली.

आता ट्रान्सिल्वेनियातल्या सेक गावचं वादन पाहा. तीन वाजवणारे: एक व्हायोलिनवर चाल धरतो, दुसऱ्याच्या हातात कोन्त्रा, तिसऱ्याकडे डबल बास. कोन्त्रा हा व्हायोला घराण्यातला, पण त्याला तारा तीनच, आणि तारांखालची घोडी सपाट केलेली. त्यामुळे गज फिरला की तिन्ही तारा एकदम वाजतात आणि वादकाला सुटे सूर वाजवायचेच नसतात; तो फक्त स्वरमेळ आणि लय देतो. ही लय नाचणाऱ्या पायांकडे पाहून दिलेली असते. नाचांचीही ठरलेली रांग असते, एक संपला की दुसरा, आणि चालीला अर्थ येतो तो त्या क्रमात. यातली व्हायोलिनची ओळ तेवढी लिहून पाठवली तर हाती फारसं काही लागत नाही. स्वीडिश पोल्स्काचीही तीच गत. तिच्या तीन मात्रा कागदावर सारख्या दिसतात, पण कित्येक गावांत वाजताना त्या समान नसतात, आणि कुठल्या गावात किती हेलकावा द्यायचा हे कानानेच शिकावं लागतं. बल्गेरियाच्या राचेनित्साच्या सात मात्रा दोन-दोन-तीन अशा पडतात. रूपक तालाची सवय असलेल्या कानाला हे अवघड नाही. चार मात्रांत वाढलेल्या इंग्रजी फोकवाल्याला मात्र पहिल्या आवर्तनातच ठेच लागते.

तिसरं कारण बाजाराचं. १९५२ मध्ये हॅरी स्मिथने फोकवेज कंपनीसाठी ८४ जुन्या अमेरिकन रेकॉर्डींचा संच काढला आणि पुढच्या पिढीच्या गायकांनी त्याची पारायणं केली. तेव्हा अॅलन लोमॅक्स हा अमेरिकन लोकगीत-संग्राहक युरोपातच होता. १९५२ मध्ये स्पेन आणि १९५४-५५ मध्ये दिएगो कार्पितेला यांच्यासोबत इटली त्याने पिंजून काढली. पण त्या ध्वनिमुद्रणांना अमेरिकी गायकांमध्ये तसं घर मिळालं नाही. पुढे १९८७ मध्ये लंडनच्या एका पबमध्ये छोट्या रेकॉर्ड कंपन्यांचे लोक जमले आणि दुकानात ठेवायला सोयीचं म्हणून त्यांनी 'वर्ल्ड म्युझिक' हा कप्पा ठरवला. त्यातून विक्री वाढली हे खरं, पण फ्रेंच, हंगेरियन, बल्गेरियन संगीत सेनेगल आणि पाकिस्तानच्या शेजारी जाऊन बसलं. इंग्रजीत गाणारा शेजारी 'फोक' आणि दुसऱ्या भाषेत गाणारा 'वर्ल्ड', अशी वाटणी झाली.

या कप्प्यातली सर्वांत गाजलेली चीज म्हणजे बल्गेरियन स्त्रियांचा समूहस्वर. स्विस संगीतज्ञ मार्सेल सेलिये यांनी १९७५ मध्ये तो पहिल्यांदा प्रसिद्ध केला, १९८६ मध्ये लंडनच्या एका कंपनीने पुन्हा काढला आणि दुसऱ्या खंडाला १९९० मध्ये ग्रॅमी मिळालं. जगाने तो प्राचीन, गूढ आवाज म्हणून ऐकला. प्रत्यक्षात तो सरकारी रेडिओच्या गायकवृंदाचा होता आणि रचना संगीतशिक्षण घेतलेल्या रचनाकारांच्या. या वळणाचा पाया फिलिप कुतेव यांनी १९५१ च्या सुमारास सरकारी संच उभा करून घातला होता. सूर गावचे होते, त्यांची इमारत राजधानीत बांधलेली होती.

इथून मग घरच्यांनी लावून घेतलेल्या दारांचा विषय येतो. पूर्व युरोपात लोकसंगीत सरकारी खात्याचा विषय झालं. रशियाचा मोइसेयेव संच १९३७ चा, पोलंडचा माझोफ्शे १९४८ चा. रंगमंचावर एकसारखे पोशाख, एकसारखं हसू. तरुणांना त्यातून सत्तेचा वास येऊ लागला तर त्यांचा दोष म्हणता येणार नाही. जर्मनीचं दुखणं याहून खोल. १९०९ चं 'त्सुप्फगाइगेनहान्सल' हे गाण्यांचं पुस्तक भटक्या तरुणांच्या झोळीत असायचं. पुढे अशाच गाण्यांवर नाझींनी संचलनं केली. युद्धानंतर एखाद्या तरुणाने जुनं जर्मन गाणं गायला घेतलं की ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडायची. वोल्फगांग श्टाइनित्स यांनी १९५४ आणि १९६२ च्या दोन खंडांत शेतकरी-कामगारांची बंडखोर गाणी शोधून काढली. १९६४ पासून बुर्ग वाल्डेकच्या महोत्सवांत नवे गायक जमले. तरीही सत्तरच्या दशकातल्या कितीतरी जर्मन तरुणांना आयरिश जिग वाजवणं आपल्या आजीच्या गाण्यापेक्षा सोपं वाटलं. म्हणजे फोकमध्ये जिथे जर्मन वादक दिसतो, तिथेही तो आयर्लंडचा होऊन दिसतो.

आणखी एक उणीव युरोपने स्वतःच्या घरात ठेवली. रोमानिया-हंगेरीतल्या लग्नांत पिढ्यान् पिढ्या वाजवणारे बहुतेक रोमा, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हटलं जायचं ते. हंगेरियन संगीतकार बार्तोक आणि कोदाय १९०५-०६ पासून फोनोग्राफ घेऊन खेड्यांत फिरले, पण शहरी जिप्सी बँडपेक्षा शेतकऱ्याचं गाणं वेगळं आणि खरं, हा आग्रह त्यांनी लावून धरला. तो अभ्यासाला उपयोगी पडला आणि रोमा वादकांच्या श्रेयाला मारक ठरला. रोमानियातल्या क्लेजानी गावच्या ताराफ द हैदुक्स या रोमा संचाची पहिली ध्वनिमुद्रिका १९९१ मध्ये बेल्जियममधून निघावी, यातच सगळं आलं.

या सगळ्यावरून आज युरोपचं लोकसंगीत मरायला टेकलंय असं कुणी म्हटलं, तर त्याला ६ मे १९७२ ची तारीख सांगावी. त्या दिवशी बुडापेस्टमध्ये बेला हालमोश, फेरेन्स शेबो आणि मंडळींनी सेकच्या पद्धतीचा पहिला तांत्सहाझ, म्हणजे नाचघर, भरवला. नाच बघायचा नव्हता, शिकायचा होता, आणि सरकारी संचांना दिलेलं हे उत्तर होतं. २०११ मध्ये युनेस्कोने या पद्धतीची संवर्धनाचा आदर्श म्हणून नोंद केली. फ्रान्सच्या ब्रिटनीत वर्षाला हजाराच्या घरात फेस्ट-नोझ, म्हणजे रात्रीचे नाचमेळे, होतात आणि लोक ओळीत हात धरून नाचतात. फिनलंडच्या काउस्टिनेनमध्ये १९६८ पासून महोत्सव भरतो आणि हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत १९८३ पासून लोकसंगीताचा स्वतंत्र विभाग आहे. इटलीत मेल्पिन्यानोला १९९८ पासून 'तारांताची रात्र' या लोकसंगीत महोत्सवाला प्रचंड गर्दी लोटते. गर्दीबरोबर ध्वनिक्षेपकांचा गोंगाटही आला आहे, हेही सांगायला हवं.

म्हणून युरोपची अनुपस्थिती सरसकट दुःखाची मानायचं कारण नाही. ब्रेटन नाचणारा रात्रभर नाचून घरी जातो. त्याला चाल कुणाला पाठवायची गरज पडत नाही. बुडापेस्टच्या कोन्त्रावाल्याला आपले नाचणारे समोर मिळतात. ही अनुपस्थिती निरोगीपणाची आहे आणि ती आकड्यांनी भरून काढायला गेलं तर संगीताचंच नुकसान होईल. जर्मन आजीचं गाणं, रोमा वादकाचं नाव, रिगाच्या चिठ्ठीवर यायची राहून गेलेली चाल, ही अनुपस्थिती मात्र वेगळी आहे. तिथे कुणीतरी गप्प बसलं, कुणाला तरी गप्प बसवलं गेलं किंवा कुणी विचारलंच नाही. जगाच्या लोकसंगीतात कोण किती दिसतं याची मोजदाद करणाऱ्यांनी आधी या दोन प्रकारांच्या वेगळ्या याद्या कराव्यात. पहिल्या यादीसाठी प्रवासाचं तिकीट आणि नाचाचे बूट लागतील. दुसरीसाठी जर्मन, रोमानी, लॅटव्हियन शिकलेले लोक लागतील, आणि तेच सध्या फार कमी आहेत.