खलनायिका दोघी, आणि पाहणारे आपण

रिअॅलिटी शोमधल्या प्रेमाबिमावर आणि भांडणांवर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं कशाला बोलावं, असं कुणाला वाटेल. पण ६ ऑक्टोबर २०२४ ला शेजारच्या बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा सूरज चव्हाण ‘बिग बॉस मराठी’चं पाचवं पर्व जिंकला, आणि हा विषय आपल्या पारावर येऊन बसला. सूरजचं कौतुक पुष्कळ झालं. ज्यांच्यामुळं त्याचा साधेपणा उठून दिसला, त्या निक्की तांबोळी आणि जान्हवी किल्लेकर या दोघींबद्दल आम्ही आज बोलणार आहोत.

आधी एक बाहेरचं उदाहरण. अमेरिकेत जोडीदार निवडण्याचा ‘द बॅचलर’ हा शो २००२ पासून चालतो. तिथल्या खलनायिकेवरचा आरोप ठरलेला असतो: ही प्रेमासाठी आलेलीच नाही, हिला प्रसिद्धी हवी. २०१२ च्या पर्वात कोर्टनी रॉबर्टसनवर हेच किटाळ आलं, आणि शेवटी निवड तिचीच झाली. म्हणजे तिथं खटला हेतूवर चालतो. कान्टला हे पटलं असतं. कृतीची नैतिक किंमत तो हेतूतच शोधत होता.

आता आपल्याकडं काय झालं बघा. निक्की आणि अरबाज पटेल यांची जवळीक घरभर गाजली. अरबाज तर ‘स्प्लिट्सव्हिला’ या जोड्या जुळवणाऱ्या शोमधूनच आलेला. त्यांचं प्रेम खरं की खेळापुरतं, ही चर्चा झालीच. पण लोकांचा राग पेटला तो दुसऱ्याच गोष्टींनी. निक्की वर्षा उसगावकरांना वाटेल तसं बोलली. जान्हवीनं पॅडी कांबळे यांच्या अभिनयाची खिल्ली उडवली. आपला खटला हेतूवर नाही, मर्यादेवर चालतो. वडीलधाऱ्या माणसाचा, त्याच्या आयुष्यभराच्या कामाचा अपमान आपल्याला सोसत नाही. हा निकष आम्हाला मुळीच हलका वाटत नाही. मनातला हेतू कॅमेऱ्याला दिसत नाही, तोंडातून गेलेला शब्द मात्र सगळ्यांनी ऐकलेला असतो.

तरी दोघींना एका मापानं मोजू नये. जान्हवीला रितेश देशमुखांनी जाहीर खडसावलं, तिनं माफी मागितली, आणि अंतिम फेरीत नऊ लाख रुपये घेऊन ती बाहेर पडली. तिचा खलपणा तोंडाळ संतापाचा. संताप ओसरला की माणूस वरमतो. निक्की हिंदी ‘बिग बॉस’ खेळून आलेली. हा खेळ कशावर चालतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती आपला पवित्रा सोडायला तयार नव्हती. समीक्षक म्हणून विचाराल तर निक्की जास्त मुरलेली, जान्हवी जास्त माणसासारखी.

खरा प्रश्न पुढंच आहे. ‘भाग्य दिले तू मला’ या मालिकेत जान्हवीनं सानिया ही खलनायिका केली होती. सानियाचे शब्द लेखकाचे होते. निळू फुल्यांचं उदाहरण घ्या. बायका त्यांच्यावर खरोखर चिडायच्या. पण ‘सामना’ संपला की त्यातला हिंदूराव धोंडे पाटील संपायचा, आणि निळूभाऊ सेवा दलाच्या माणसांत जाऊन बसायचे. भूमिका उतरवून ठेवता येत होती. रिअॅलिटी शोमध्ये ती सोय नाही. चोवीस तासांतलं निवडक आपल्याला दाखवतात, निवडणारा कधी दिसत नाही, आणि शिव्या जातात त्या खऱ्या नावाला, खऱ्या आईबापांना.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच: शब्द वाईट असेल तर त्याला वाईट जरूर म्हणा. पण सत्तर दिवसांच्या खेळावरून माणसावर जन्माचा शिक्का मारू नका. आणि एक हिशेब मनाशी करा. निक्की तिसरी आली, ती कुणाच्या मतांवर? प्रेक्षकांच्याच ना? खलनायिका घरात राहायला हवी होती ती आपल्यालाच. मग तिच्या वागण्याचा जाब विचारताना थोडा स्वतःलाही विचारावा लागेल.