अध्यापनातील तंत्रज्ञान : प्रक्षेपण आणि प्रतिसाद

प्रस्तावना :
शैक्षणिक तंत्रज्ञानाची चर्चा बहुधा साधनांच्या नवेपणाभोवती फिरते. वर्गात कोणते साधन आले याची नोंद होते. त्यामुळे विद्यार्थ्याच्या प्रश्नाला वाट मिळाली का, हे क्वचितच तपासले जाते. प्रस्तुत लेखात याच निकषावर काही प्रयोगांची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
१९७५-७६ मधील 'साइट' प्रयोगात एटीएस-६ या अमेरिकन उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी कार्यक्रम पोहोचले. ही पोहोच अभूतपूर्व होती. परंतु पडद्यावरील शिक्षकाला प्रश्न विचारण्याची सोय समोरच्या मुलाला नव्हती. २००४ मध्ये प्रक्षेपित झालेल्या 'एज्युसॅट'ने द्विमार्गी संवाद शक्य केला, तरी केवळ ग्रहण करणारी केंद्रेही त्या व्यवस्थेचा भाग होतीच. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'स्वयम्'मध्ये व्याख्यान, वाचनसाहित्य व स्वयंमूल्यमापन यांच्या जोडीला चर्चेचे स्वतंत्र अंग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम या मार्गाने घेता येतात. अशा स्थितीत चर्चेचे अंग नाममात्र राहिले, तर प्रश्नाविना श्रेयांक मिळवणे सहज शक्य होईल.

प्रत्यक्ष वर्गातही हाच धोका संभवतो. अर्थशास्त्राचा शिक्षक फळ्यावर मागणीवक्र बिंदू-बिंदूने काढतो, तेव्हा प्रत्येक टप्प्यावर शंकेला जागा राहते. तोच वक्र पॉवरपॉइंटच्या चित्रपट्टीत आयता अवतरला, की विद्यार्थी तो उतरवून घेतो; तो तसा का उतरतो, हे विचारायचे राहून जाते. येथे दोष साधनाचा नसून मांडणीच्या क्रमाचा आहे. किंमत वाढल्यास मागणीचे काय होईल, हे वहीत लिहावयास सांगून मगच पुढील बिंदू दाखविला, तर तीच चित्रपट्टी विचारास प्रवृत्त करते.

हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात रूढ केलेली सहाध्यायी-अध्यापनाची पद्धत या दृष्टीने उद्बोधक आहे. तीत विद्यार्थी संकल्पनात्मक प्रश्नाचे उत्तर प्रथम स्वतंत्रपणे देतो, शेजाऱ्याशी चर्चा करतो आणि पुन्हा उत्तर देतो. उत्तरे टिपण्यासाठी विद्युत-उपकरण वापरता येते. परंतु साध्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवरही काम भागते.

समारोप :
सारांश, अध्यापनाची रणनीती आधी आणि साधनाची निवड नंतर, हा क्रम महाविद्यालयीन शिक्षकाने सोडता कामा नये. साधनखरेदीच्या अहवालात संगणक व प्रक्षेपकांची संख्या येते. विद्यार्थ्यांनी विचारलेल्या प्रश्नांची नोंद मात्र शिक्षकालाच ठेवावी लागेल.