२००८ चे वित्तीय अरिष्ट, प्रोत्साहन पॅकेज आणि रोजगाराचा प्रश्न : एक चिकित्सा

प्रस्तावना :

१५ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक दिवाळखोरीत गेली आणि वित्तीय अरिष्टाने जागतिक स्वरूप धारण केले. भारतीय बँकांचा अमेरिकेतील बुडीत गृहकर्जांवर आधारित रोख्यांशी फारसा संबंध नव्हता, त्यामुळे येथील बँका कोसळल्या नाहीत. तथापि परकीय भांडवल परत जाऊ लागले, पतपुरवठा आखडला आणि ऑक्टोबर २००८ पासून निर्यात घटू लागली. या अरिष्टाला भारताने दिलेला प्रतिसाद सामान्यतः यशस्वी मानला जातो. विकासदराच्या निकषावर हे मत ग्राह्य आहे. रोजगाराच्या निकषावर मात्र त्याची फेरतपासणी आवश्यक ठरते.

उपाययोजनांचे स्वरूप :

रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २००८ ते एप्रिल २००९ या काळात रेपो दर ९ टक्क्यांवरून ४.७५ टक्क्यांवर आणला. रोख राखीव प्रमाण ९ टक्क्यांवरून ५ टक्के करण्यात आले. केंद्र सरकारने डिसेंबर २००८, जानेवारी २००९ व फेब्रुवारी २००९ अशी तीन वेळा सवलतींची घोषणा केली. पहिल्या टप्प्यात उत्पादन शुल्कात सरसकट ४ टक्के अंकांची कपात झाली. तिसऱ्या टप्प्यात ते आणखी २ अंकांनी घटवून सेवा कर १२ टक्क्यांवरून १० टक्के करण्यात आला. केंद्राची राजकोषीय तूट २००७-०८ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे २.५ टक्के होती, ती २००८-०९ मध्ये सुमारे ६ टक्क्यांपर्यंत गेली. या वाढीचा मोठा भाग अरिष्टापूर्वीच ठरलेल्या शेतकरी कर्जमाफीचा आणि सहाव्या वेतन आयोगाचा होता. मागणीला त्यातून आधार मिळाला. परंतु तो खर्च बेरोजगारांसाठी योजलेला नव्हता.

रोजगाराचा निकष :

केंद्रीय श्रम ब्युरोच्या पाहणीनुसार ऑक्टोबर ते डिसेंबर २००८ या तीन महिन्यांत निवडक क्षेत्रांतील सुमारे ५ लाख रोजगार नष्ट झाले. वस्त्रोद्योग, हिरे-दागिने, वाहन, धातू, वाहतूक इत्यादी क्षेत्रे या पाहणीत होती. केन्स यांनी १९३६ मध्ये मांडलेल्या विचारानुसार बेरोजगारीचे मूळ प्रभावी मागणीच्या अपुरेपणात असते. करकपातीचे समर्थन याच विचाराने केले गेले. परंतु कर कमी झाला की वस्तूची किंमत उतरेल, खप वाढेल आणि मग कामगार परत बोलावला जाईल, ही साखळी लांबची आहे. तिच्या प्रत्येक कडीवर लाभाची गळती संभवते. शुल्ककपातीसोबत कामगार टिकवून ठेवण्याची कोणतीही अट उद्योगांवर घातलेली नव्हती. श्रमप्रधान निर्यातीच्या कर्जावर २ टक्के व्याजसवलत देण्यात आली, हे खरे. मात्र परदेशातून मागणीच नसताना स्वस्त कर्जाने काम निर्माण होत नाही.

येथे जर्मनीचे उदाहरण उद्बोधक आहे. २००९ मध्ये त्या देशाचे उत्पादन ५ टक्क्यांहून अधिक घटले, तरी बेरोजगारी फारशी वाढली नाही. कामाचे तास कमी करून बुडालेल्या वेतनाचा काही भाग शासनाने देण्याची तेथील व्यवस्था त्याला मोठ्या प्रमाणात कारणीभूत होती. ही व्यवस्था भारतात जशीच्या तशी आणणे शक्य नव्हते, कारण बहुसंख्य कामगारांची नोंदच कोठे नव्हती. भारतात राज्य कर्मचारी विमा योजनेखाली २००५ पासून बेरोजगारी भत्ता होता. परंतु तो विमाधारक आणि काही वर्षे वर्गणी भरलेल्या कामगारांपुरता होता. मंदीत ज्याला प्रथम काढले जाते तो कंत्राटी, हंगामी वा तुकड्यावर काम करणारा कामगार त्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

ग्रामीण हमी आणि शहरी पोकळी :

याउलट ग्रामीण भागात एक साधन आधीच तयार होते. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजना १ एप्रिल २००८ पासून देशातील सर्व ग्रामीण जिल्ह्यांत लागू झाली होती. २००८-०९ मध्ये तिच्याद्वारे सुमारे २१६ कोटी, तर २००९-१० मध्ये सुमारे २८३ कोटी मनुष्यदिवस काम पुरवले गेले. ही योजना अरिष्टासाठी आखलेली नव्हती. परंतु कायद्याने दिलेला हक्क असल्यामुळे मागणी वाढताच ती विस्तारू शकली.

या कल्पनेचे मूळ महाराष्ट्रात आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या प्रेरणेने रोजगार हमी योजनेचा विस्तार झाला, १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले. तिच्या खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर आकारण्यात आला. म्हणजे शहरातील पगारदाराने ग्रामीण मजुराच्या कामाचा भार उचलला. ही तरतूद सामाजिक न्यायाची होती. परंतु त्याच शहरातील कामगाराचे काम गेले तर त्याला मागण्यासारखा कोणताही हक्क नव्हता, ही विसंगती २००८ मध्ये उघड झाली.

या धोरणाच्या बाजूने असे म्हणता येईल की तातडीच्या प्रसंगी करकपात आणि व्याजदर हीच सर्वांत जलद साधने होती. हा युक्तिवाद योग्य आहे. तथापि जलद साधने तेवढीच का होती, हा प्रश्न त्याने सुटत नाही. २०२० च्या टाळेबंदीत त्याचे उत्तर पुन्हा टळल्याचे दिसले. २०२०-२१ मध्ये ग्रामीण रोजगार हमीतून सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस काम दिले गेले. शहरी मजुरापुढे मात्र गावाची वाट धरण्याखेरीज पर्याय उरला नाही. पथविक्रेत्यांना मिळाले ते १०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज. केरळ व राजस्थान यांनी शहरी रोजगाराच्या राज्यस्तरीय योजना आखल्या, पण राष्ट्रीय पातळीवर तसा हक्क निर्माण झाला नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या नव्या कायद्याने हमीचे दिवस १०० वरून १२५ केले. त्याचीही कक्षा ग्रामीणच आहे.

समारोप :

२००८ च्या प्रतिसादाने विकासदर सावरला, परंतु रोजगाराकडे त्या विकासाचे आनुषंगिक फळ म्हणून पाहिले. अरिष्ट आल्यानंतर हक्क निर्माण करता येत नाहीत. ते आधी असावे लागतात. शहरी कामगारांची नोंदणी, कंत्राटी कामगारांपर्यंत पोहोचणारा बेरोजगारी भत्ता आणि शासकीय सवलतींना रोजगार टिकवण्याची अट या तीन गोष्टी सुस्थितीच्या काळात उभ्या केल्या, तरच पुढील मंदीत धोरणाचा लाभ काम गमावलेल्या माणसापर्यंत थेट पोहोचेल.