‘पूर्वनिर्मित कमान’ : एका संज्ञेची चिकित्सा

‘प्रीकास्ट’ या शब्दासाठी मराठीत ‘पूर्वनिर्मित’ हा पर्याय वापरला जातो. तुळई, नळ, भिंतीचे तक्ते यांच्या बाबतीत तो निर्वेध चालतो. परंतु कमानीमागे तो लावला की अर्थाचा घोटाळा होतो. तुळई जागेवर बसविण्यापूर्वीही तुळईच असते. कमान तशी नव्हे. कमान हा निव्वळ आकार नसून भार वाहण्याची रीत होय, आणि दोन्ही टोकांच्या आधारांवर रेटा पोहोचल्याखेरीज ती रीत अस्तित्वातच येत नाही.

बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात एड्रियन लाँग यांच्या पुढाकाराने विकसित झालेली ‘फ्लेक्सिआर्च’ पद्धती पाहावी. तीत काँक्रीटचे पाचरीसारखे ठोकळे आधी ओतून सपाट जमिनीवर ओळीने मांडतात. वरच्या अंगास काँक्रीटचा पातळ थर व त्यात बहुवारिकाची जाळी यांनी ते जोडलेले असतात. खालच्या अंगास पाचरीच्या उतारामुळे फटी राहतात. यारीने ही पट्टी उचलली की ठोकळे स्वतःच्याच वजनाने वळतात, फटी मिटतात, आणि डोळ्यांदेखत कमान उभी राहते. खालून सेंटरिंग लागत नाही. येथे ‘पूर्वनिर्मित’ काय आहे? ठोकळे, कमान नव्हे.

हा भेद शब्दच्छलाचा नाही. या पद्धतीच्या टिकाऊपणाचे मर्म त्यातच आहे. प्रबलित काँक्रीटमधील पोलाद गंजते, गंजताना फुगते आणि वरचे काँक्रीट फोडते; दाबावरच उभ्या असलेल्या या ठोकळ्यांना पोलादाची गरज उरत नाही. याउलट, कमानीचे अखंड तुकडे सळया घालून ओततात, त्यांना गंजाची धास्ती राहतेच. आपली संज्ञा मात्र दोहोंस एकाच पंक्तीस बसविते.

सिडनीचा १९६४ साली खुला झालेला, ३०५ मीटर गाळ्याचा ग्लेड्सव्हिल पूलही आधी ओतलेल्या पोकळ ठोकळ्यांचाच. तेथे मात्र खाली आधाराचा सांगाडा होता, आणि जॅकच्या दाबाने कमान त्यावरून उचलून मोकळी केली गेली. घडण निराळी, तत्त्व तेच.

म्हणून ‘पूर्वओतीव ठोकळ्यांची कमान’ असे म्हणावे. हे लांबट आहे खरे; कारागीर ‘प्रीकास्ट’च म्हणतील, त्यातही वावगे नाही. गंमत अशी की, ‘कळीचा मुद्दा’ या प्रयोगामागचा कळीचा दगड फ्लेक्सिआर्चमध्ये शोधून सापडत नाही : शेवटी बसविला जाणारा असा एकही ठोकळा तेथे नसतो, सगळे एकदमच बसतात.