पुराव्याआधीचे अक्षर : न बोलणाऱ्या मुलांच्या आत्मपर लेखनातील बुद्धीची साक्ष

ख्रिस्टी ब्राऊन यांच्या ‘माय लेफ्ट फूट’ (1954) या आत्मकथनातील एक प्रसंग जगभर परिचित आहे. मेंदूच्या पक्षाघातामुळे हातपाय आणि वाचा यांवर ताबा नसलेले, डब्लिनमधील एका गवंड्याच्या घरचे पाच वर्षांचे मूल बहिणीच्या हातातला पिवळा खडू डाव्या पायाच्या बोटांत पकडते आणि काही वेळाने जमिनीवर ‘ए’ हे अक्षर काढते. हे मूल बुद्धीनेही अधू आहे, असे तोवर डॉक्टरांनी गृहीत धरलेले असते. या प्रसंगाचे वाचन बहुतेकदा ‘बुद्धी सिद्ध झाली’ असे केले जाते. मूळ संहिता मात्र थोडे निराळे सांगते. पायाने नुसते फराटे ओढले जातात. ‘ए’ हे अक्षर आधी आई काढून दाखवते आणि मूल ते गिरवते. त्यापूर्वीची कित्येक वर्षे हीच आई त्याला चित्रांची पुस्तके दाखवत असते व काहीही प्रतिसाद न मिळता दाखवतच राहते. म्हणजे येथे घडते ते शिकवणे. सिद्धता हा त्याचा उशिरा हाती आलेला परिणाम आहे.

जिम शेरिडन यांच्या 1989 च्या चित्रपटात हा क्रम बदलला आहे. तेथे मूल ‘मदर’ हा संपूर्ण शब्द लिहिते आणि बाप त्याला खांद्यावर टाकून दारूच्या गुत्त्यात मिरवत नेतो. गिरवलेल्या एका अक्षराच्या जागी स्वयंस्फूर्त शब्द आला आहे, आणि गुरूच्या जागी प्रेक्षक. माध्यमांतरातील नाट्यपूर्णतेची गरज एवढ्यावरच हा बदल सोडून देता येणार नाही. न बोलणाऱ्या मुलाच्या बुद्धीकडे समाज ज्या अपेक्षेने पाहतो, तिचेच हे रूप आहे : मुलाने आधी चमत्कार दाखवावा, मग त्याला माणसांत घ्यावे.

ही अपेक्षा मराठी वाचकाला अपरिचित नाही. संन्याशाची मुले म्हणून बहिष्कृत ठरलेल्या भावंडांना पैठणला शुद्धिपत्र हवे होते. चरित्रपरंपरेनुसार ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मस्तकावर हात ठेवून त्याच्या मुखातून वेद वदवले, तेव्हा कोठे धर्मसभेचे मन वळले. मुलांची तुलना येथे रेड्याशी करावयाची नसून सभेच्या मागणीकडे लक्ष वेधावयाचे आहे. अधिकार जन्मसिद्ध मानला जात नाही. तो प्रात्यक्षिकाने मिळवावा लागतो. आणखी एक गोष्ट नजरेतून सुटू नये. या कथेत श्रेय हाताला मिळते. रेड्याला काही म्हणावयाचे होते काय, असे कोणी विचारत नाही.

मस्तकावरील, मनगटावरील किंवा हनुवटीखालील परका हात हा या लेखनप्रकारातील सर्वांत कठीण प्रश्न आहे. ऑस्ट्रेलियातील ॲन मॅकडॉनल्ड तिसऱ्या वर्षापासून मेलबर्नच्या सेंट निकोलस रुग्णालयात होती. 1977 मध्ये रोझमेरी क्रॉसली यांनी तिच्या हाताला आधार देऊन तिच्याकडून शब्द जुळवून घेतले. 1979 मध्ये व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिला संस्थेबाहेर पडण्याची मोकळीक दिली. 1980 मध्ये दोघींच्या नावे ‘ॲनीज कमिंग आऊट’ प्रसिद्ध झाले. हीच पद्धत पुढे अमेरिकेत पसरली आणि 1990 च्या दशकात तिच्या कसून चाचण्या झाल्या. मुलाला एक चित्र आणि आधार देणाऱ्याला दुसरे चित्र दाखविले असता, टंकलेखनात आधार देणाऱ्याने पाहिलेले चित्र उतरे. शब्द आधार देणाऱ्याकडून, बहुधा त्याच्याही नकळत, येत होते. सहानुभूतीच्या भरात ही वस्तुस्थिती झाकणारी समीक्षा मुलांचेच नुकसान करते, कारण मुलाच्या नावावर दुसऱ्याचे वाक्य खपविणे हीही त्याला मुके ठेवण्याचीच एक रीत आहे. तथापि पद्धत खोटी ठरली म्हणून मूल बुद्धिहीन ठरत नाही. शिक्षणाचा हक्क सिद्धतेवर टांगून ठेवला, तर चाचणीत पद्धत कोसळताच हक्कही कोसळतो. धोका येथे आहे, आणि तो केवळ साहित्यविचारापुरता नाही.

ख्रिस्तोफर नोलन यांचे ‘अंडर द आय ऑफ द क्लॉक’ (1987) या दृष्टीने विशेष महत्त्वाचे ठरते. या लेखकाला अकराव्या वर्षी औषधामुळे मानेवर थोडा ताबा आला. कपाळाला बांधलेल्या काठीने तो टंकयंत्राच्या कळा दाबू लागला, आई मागून हनुवटी सावरून धरी. म्हणजे हात येथेही आहे, आणि कर्तृत्वाचा प्रश्न ही संहितादेखील सर्वस्वी चुकवू शकत नाही. परंतु त्याआधीची वर्षे रिकामी नव्हती. आईने स्वयंपाकघरात अक्षरांच्या माळा टांगल्या होत्या आणि उत्तर देऊ न शकणाऱ्या मुलाशी ती अखंड बोलत असे. पुढे ज्याची तुलना जॉइसच्या भाषेशी झाली, त्या शब्दकळेची पेरणी या एकतर्फी संभाषणात झाली, असे मानण्यास जागा आहे.

आत्मचरित्र असूनही नोलन ‘मी’ म्हणत नाहीत; जोसेफ मीहन नावाच्या मुलाची कथा तृतीयपुरुषात सांगतात. याच्याशेजारी रवींद्रनाथांची ‘सुभा’ ठेवली म्हणजे फरक उघड होतो. सुभाषिणी नावाच्या मुक्या मुलीसमोर लोक तिच्या भवितव्याची काळजी मोकळेपणाने बोलून दाखवतात, जणू तिला जाणीवच नाही. तिचे अंतरंग जाणतो तो एकटा निवेदक. कथेत कोणीही तिला अक्षर शिकवीत नाही. नोलन यांनी निवेदकाची ती जागाच बळकावली आहे. ज्याच्याविषयी इतरांनी तृतीयपुरुषात बोलावे, तोच आता स्वतःविषयी तृतीयपुरुषात बोलतो, आणि तेही बऱ्याचदा खट्याळपणे.

तरीही या पुस्तकाला ऑक्सफर्डच्या जॉन केरी यांची प्रस्तावना लागली. ब्राऊन यांच्या पुस्तकाला डॉ. रॉबर्ट कॉलिस यांचा अग्रलेख व उपसंहार लागला. 1773 मध्ये फिलिस व्हीटली या गुलाम तरुणीच्या कवितासंग्रहाला, कविता तिच्याच आहेत असे सांगणारे बोस्टनच्या प्रतिष्ठितांच्या सह्यांचे साक्षपत्र जोडावे लागले होते. प्रस्तावना आणि साक्षपत्र एकच नव्हेत. पण ज्यांच्या बुद्धीविषयी शंका आहे त्यांच्या पुस्तकाला अंगरखा जरा जाडच लागतो.

मालिनी चिब यांचे ‘वन लिटल फिंगर’ (2011) भारतीय संदर्भात वेगळे वळण घेते. लेखिका एका बोटाने टंकलेखन करतात. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी 1972 मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. येथेही शाळा आधी आहे, पुस्तक मागाहून. पण शाळा काढू शकणारी आई किती मुलांना लाभते, हा प्रश्न ही संहिता आपल्या यशानेच उभा करते. लेखिकेची भाषा इंग्रजी आहे, हेही नोंदवावयास हवे. रोमन वर्णमालेच्या फळ्यावर सव्वीस घरे पुरतात. देवनागरीत व्यंजन, मात्रा आणि जोडाक्षर यांची वेगवेगळी निवड एका बोटाला करावी लागते.

2016 च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याने ‘संप्रेषण’ या संज्ञेत ब्रेल व खुणांच्या भाषेबरोबरच पर्यायी व पूरक साधनांचाही समावेश केला, आणि सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना शेजारच्या किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. हा हक्क लक्षणीय प्रमाणातील दिव्यांगतेच्या प्रमाणपत्राशी जोडलेला आहे. दुसरीकडे शिक्षणहक्क कायद्यातील 2012 च्या दुरुस्तीने तीव्र दिव्यांगता असलेल्या मुलांना घरीच शिकण्याचा पर्याय दिला. नको असलेल्या मुलाला दारातून परत पाठवू इच्छिणाऱ्या शाळेला तो सोयीचा ठरू शकतो. कायदा असमर्थतेचा दाखला मागतो आणि वाचक असामान्यतेचा. ब्राऊन यांच्या आईने खडू हातात घेतला तेव्हा तिच्यापाशी यांपैकी एकही दाखला नव्हता.